गाण्यातला पाठमोरा भाऊ

गाणं शिकवायच्या आधी मी मुलांना घरी पाठवते. गाण्यात जी वस्तू असेल, जो रिवाज असेल, तो घरच्या माणसांना विचारून यायचा, मगच चाल. नगरपालिकेच्या शाळेत आयुष्य काढलं ते याच पद्धतीने, आणि निवृत्तीनंतर सदाशिव पेठेतला हा संध्याकाळचा वर्ग घेतला तेव्हाही पद्धत बदलायचं काही कारण दिसलं नाही.

वर्ग पहिल्या मजल्यावरच्या हॉलमध्ये भरायचा. खाली डॉक्टरांचा दवाखाना. दारावर पाटी होती, 'कुसुम स्मृती बालवर्ग'. कुसुम म्हणजे इमारतीचे मालक आप्पासाहेब यांची धाकटी बहीण. लग्न होऊन मांजरीला गेली, थोड्या कविता लिहिल्या, आणि त्यांतलं एक गाणं रेडिओवर आलं. नंतर पुण्यात त्या गाण्याशिवाय मुलीची पाठवणी होईना. बँडवालेसुद्धा वाजवू लागले. कुसुम जाऊन काही वर्षं झाली होती. तिच्या स्मृतिदिनाला आप्पासाहेब दरवर्षी कार्यक्रम करायचे. वर्गातली मुलं ते गाणं म्हणायची आणि एक मूल व्यासपीठावरून त्याचा अर्थ वाचायचं. अर्थ आप्पासाहेबांनी स्वतः लिहिलेला, छापून घेतलेला. वर्ग माझ्याकडे आल्यानंतरचा तो पहिलाच कार्यक्रम होता.

गाण्याची कडवी दोनच, तीही लहान.

भरल्या ओटीने निघते गं आई,
दारात रांगोळी ओली गं,
चिमूट दाण्यांची ठेवायची होती,
तशीच मूठ मी नेली गं.

भाऊ पाठमोरा अंगणात उभा,
त्याची वाट झाली मोकळी गं,
दिव्याला सांग तू, जाग नको आता,
रात्र मी माझी निवडली गं.

"ओटीचं कोण विचारून आलं?" मी विचारलं.

श्रीनिवासचा हात आधी वर गेला. "बाई, आमच्याकडे आत्या आली की आई तिची ओटी भरते. नारळ, खण आणि तांदूळ. मग आत्या त्यातले चिमूटभर तांदूळ आमच्या डब्यात परत टाकते."

"का बरं?"

"परत यायचं असतं म्हणून. आजी म्हणाली, दाणे मागे राहिले की माहेर राहतं."

"आमच्याकडे पण!" असं चारपाच जणांनी एकदम सांगितलं. एकीची मावशी दाणे टाकायला विसरली होती, तर तिला कोपऱ्यावरून परत बोलावलं होतं म्हणे.

पद्मजा मात्र विचारात होती. ही मुलगी अकरा वर्षांची, पण एखादी गोष्ट पटेपर्यंत तिच्या कपाळावरची आठी जात नसे. यंदा अर्थ वाचायचा मान तिचा होता. तिने हातातला छापील कागद पाहिला, मग मला विचारलं, "बाई, मग हिने दाणे का नाही ठेवले?"

"विसरली असेल," श्रीनिवास म्हणाला.

"विसरली कशी? 'ठेवायची होती' म्हणतेय ना ती. म्हणजे लक्षात होतं."

"भांडून गेली असेल," मागून कुणीतरी म्हणालं, अगदी सहज, शेजारच्या घरातलं सांगावं तसं.

"भांडून गेली!" दारातून आवाज आला. आप्पासाहेब उभे होते. किती वेळ ते मला ठाऊक नाही. ते चपला न काढताच सतरंजीवर आले. "उत्तम. कार्यक्रम चार दिवसांवर आला आणि इथे पंचायत भरली आहे. श्यामलाबाई, आपल्याला गाणं शिकवायला बोलावलं होतं असं मला आठवतं."

"गाणंच शिकवतेय, आप्पासाहेब."

"असं होय? मला वाटलं, वकिली. वाच गं मुली तू तो कागद. सगळ्यांना ऐकू दे."

पद्मजा उभी राहिली. वाचन तिचं छान होतं. "'सासरी निघालेल्या लेकीला आईच्या मायेचा एक दाणाही मागे सोडवत नाही, म्हणून ती सगळी मूठ घेऊन जाते. भाऊ पाठमोरा उभा आहे. डोळ्यातलं पाणी बहिणीला दिसू नये म्हणून त्याने पाठ फिरवली आहे. बहीण सुस्थळी पडली, आता त्याच्या कर्तव्याची वाट मोकळी...'" ती थांबली. आठी आलीच. "आजोबा, एक विचारू?"

"विचार."

"त्याची पाठ होती ना? मग त्याच्या डोळ्यात पाणी होतं हे तिला कुठून कळलं?"

आप्पासाहेबांनी पद्मजाकडे पाहिलंही नाही. पाहिलं ते माझ्याकडे. "हे पढवून ठेवलंय तुम्ही."

"नाही. मलासुद्धा हे सुचलं नव्हतं."

"मुलांनो, खाली जा," ते म्हणाले. मुलं माझ्याकडे बघत राहिली. मी मान हलवली तशी गेली, पण जिन्यावर चपलांचा आवाज अर्ध्यावरच थांबला. ऐकत असणार.

"आता ऐका," आप्पासाहेब म्हणाले. "त्या मुलीला सांगा, लिहिलंय तेवढं वाचायचं. शंका असतील तर वडिलांना विचार म्हणावं. अर्थ माझ्या घरातला आहे. कुसुम माझी बहीण होती, तुमची नव्हती."

"म्हणून तर तुम्हालाच विचारते. ती परत आली होती का कधी?"

"येणार होती. शेवटच्या दिवाळीला येणारच होती. आजारी पडली."

"तसं कळवलं होतं तिने?"

"कळवायचं काय त्यात? बहीण भावाकडे येते. पत्रिका छापते की काय?"

"आप्पासाहेब, मांजरी काही परगावी नाही. हडपसरच्या पुढे. सकाळी निघालेलं माणूस जेवून संध्याकाळी घरी."

"मला भूगोल शिकवू नका!"

"बरं. तुम्ही गेला होतात कधी तिच्याकडे?"

हे विचारायला नको होतं असं कुणी म्हणेल. पण अकरा वर्षांच्या मुलीने व्यासपीठावर उभं राहून जे वाचायचं ते खरं आहे की नाही, हे मला माहीत असायलाच हवं होतं.

"मी कशाला जाईन?" त्यांचा आवाज चढला. "त्या सर्जेरावाच्या ओसरीवर बसायला? उसाच्या गप्पा मारायला? वडील गेल्यावर या घराचा कर्ता मी होतो, बाई. तिच्यासाठी मी स्थळ बघितलं होतं, डॉक्टर होता. आणि हिने येऊन सांगितलं की शेतकऱ्याशी ठरवलंय. सांगितलं, विचारलं नाही. मी म्हटलं, जायचं तर नेसत्या वस्त्रानिशी जा. तर आमच्या आईने मला न विचारता तिची ओटी भरली. पुढच्या दारात, पाट मांडून. अख्खी गल्ली बघत होती."

"आणि तुम्ही पाठ फिरवलीत."

"फिरवली! हो, फिरवली. मला तिचं तोंड बघायचं नव्हतं. कुणाचं तोंड बघावं हे मी ठरवीन की तुम्ही?"

"तुम्हीच."

"मग? ते तिच्यात नि माझ्यात होतं. फार तर गल्लीपुरतं होतं. तिने ते रेडिओवर नेलं! पानाच्या ठेल्यावर ऐकतोय मी, न्हाव्याकडे ऐकतोय, माझ्या स्वतःच्या मुलीच्या लग्नात माझ्यासमोर वाजलं. मांडवात बायका डोळे पुसतायत आणि मी उभा आहे." ते थांबले. "अख्ख्या पुण्याला तिने ऐकवलं. निदान अर्थ तरी माझा असू दे."

त्या माणसाची मला त्या क्षणी कीव आली नाही असं नाही. पण कीव येते म्हणून मुलांना चुकीचं गणित शिकवत नाहीत.

"सर्जेरावांच्या घरी कार्यक्रमाचं निमंत्रण जातं का?" मी विचारलं.

"दरवर्षी जातं."

"येतं कुणी?"

ते खिशातून रुमाल काढून चष्मा पुसत राहिले.

"आप्पासाहेब, मुलं गाणं म्हणतील. चांगलं म्हणतील. अर्थ ती सांगणार नाहीत; तुमचाही नाही आणि त्यांना सापडलाय तोही नाही. आलेल्या लोकांनी काय समजायचं ते समजावं. तुम्हाला तुमचाच अर्थ ऐकवायचा असेल तर तुम्ही वाचा. तुमच्या तोंडाने."

"वाचीन! भितो की काय? मॅट्रिकला मराठीत पहिला आलो होतो मी. तुमच्या नगरपालिकेच्या शाळेत नव्हे."

"मग झालं तर."

"झालं कसलं? तुमचं नंतर बघतो."

ते गेले तेव्हा जिन्यावरची मुलं भिंतीला चिकटून उभी राहिली. आप्पासाहेब त्यांच्याकडे न बघता उतरून गेले.

पुढचे दिवस आम्ही फक्त चाल घोटली. आप्पासाहेब वर आले नाहीत, पण सतरंजी धुवायला काढली, पंख्याचं बटण 'बिघडलं' आणि पेटी दुरुस्तीला गेली. "बाई, आपण काय केलंय?" श्रीनिवासने घाम पुसत विचारलं. मी म्हटलं, "प्रश्न विचारलाय." त्याला ते पुरेसं वाटलं. मुलांना बहुतेक वेळा खरं उत्तर पुरतं. लांबण लावतो ते आपण.

कार्यक्रमाला हॉल भरला होता. पेठेतली जुनी मंडळी, निवृत्त मास्तर, दुकानदार, पहिल्या रांगेत काठापदराच्या साड्यांतल्या आज्या. यातल्या बहुतेकांना गाणं पाठ होतं आणि आप्पासाहेबांचा अर्थही, कारण दरवर्षी तोच ऐकायचा. मुलं पेटीशिवाय गायली. 'तशीच मूठ मी नेली गं' या ओळीला पहिली रांग सवयीने गुणगुणू लागली, एक आजी मान डोलवत पदर डोळ्यांना लावत होती. तिच्या मुलीने, नातीने हे दाणे नक्की परत ठेवले असतील. हातांनी एक करायचं आणि कानांनी दुसरं ऐकायचं, हे आम्हा पुणेकरांना छान जमतं. तेही चुकत नाही, हेही चुकत नाही, आणि दोन्हींची गाठ कधी पडत नाही.

गाणं संपल्यावर आप्पासाहेब उठले. धोतर, कोट, हातात छापील कागद. मुलं त्यांच्यामागे दोन ओळींत उभी होती. वाचायला त्यांना कागदाची गरज नव्हती, तरी त्यांनी तो समोर धरला.

"'सासरी निघालेल्या लेकीला आईच्या मायेचा एक दाणाही मागे सोडवत नाही, म्हणून ती सगळी मूठ घेऊन जाते.'" आवाज खणखणीत होता. "'भाऊ पाठमोरा उभा आहे.'"

इथे ते थांबले. लोकांना वाटलं, गहिवर आला. मी भिंतीशी उभी होते, मला दिसत होतं: मान किंचित वळवून त्यांनी मुलांकडे पाहिलं. पद्मजा पुढच्या ओळीत होती. ती रागावलेली नव्हती, घाबरलेली नव्हती. तिने एक प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर तिला मिळालं नव्हतं, आणि आता ते मिळेल अशा समजुतीने ती त्यांच्याकडे पाहत होती. बस्स, इतकंच.

आप्पासाहेब कागदाकडे वळले. "'बहीण सुस्थळी पडली,'" ते म्हणाले आणि घाईने पुढचं वाचू लागले.

पहिल्या रांगेतल्या एक आजी, मथुराबाई, मोठ्याने म्हणाल्या, "अहो आप्पासाहेब, डोळ्यातलं पाणी राहिलं!"

हॉलमध्ये हशा पिकला. प्रेमळच होता, पण आप्पासाहेबांचं तोंड लाल झालं.

"नव्हतं," ते म्हणाले.

"अहो, असं काय करता? दरवर्षी असतं की! 'डोळ्यातलं पाणी बहिणीला दिसू नये म्हणून...'"

"पाणी नव्हतं म्हणून सांगतोय ना! तिथे तुम्ही होतात की मी होतो? खाली बसा."

मथुराबाई बसल्या. हशा जागच्या जागी विझला. आप्पासाहेबांनी कागदाची घडी केली, खिशात घातली आणि खाली उतरले. मग कुणीतरी टाळी वाजवली, तशा सगळ्यांनी वाजवल्या, कारण दुसरं काय करावं ते कुणाला सुचत नव्हतं. पेढे फिरले. मथुराबाई शेजारणीला म्हणत होत्या, "वय झालं हो त्यांचं." शेजारीण म्हणाली, "नाहीतर काय."

गर्दी पांगल्यावर ते माझ्यापाशी आले. "झालं समाधान?"

"माझ्या समाधानाचा प्रश्न नव्हता. पण तुम्ही खरं बोललात, आप्पासाहेब."

"शिफारसपत्र मागितलं नाही मी. सोमवारपासून हॉल मिळणार नाही. किल्ली खाली डॉक्टरांकडे द्या."

"मुलांनी काय केलं?"

"मुलांनी काही नाही केलं. तुम्ही केलं. इतकी वर्षं तो अर्थ चालत होता. कुणाचं काही अडलं होतं?"

"तुमचं अडलं, मघाशी. वाचताना."

ते एक पाऊल पुढे आले. हात उचलतात की काय असं क्षणभर वाटलं. मग अगदी हळू, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाले, "तुम्हाला हे मी कधी माफ करणार नाही."

"नका करू," मी म्हटलं आणि किल्ली त्यांच्याच हातात दिली.

मुलं खाली फाटकापाशी थांबली होती. पद्मजाने माझी पिशवी घेतली. "बाई, आजोबा आपल्यावर रागावले का?"

"हो."

"किती?"

"पुष्कळ. सोमवारपासून आपल्याला दुसरी जागा बघायला लागेल."

"पण त्यांनी खरं सांगितलं ना?"

"सांगितलं. म्हणूनच रागावलेत."

ती विचार करत चालत राहिली. रस्त्याच्या टोकाशी आल्यावर तिने विचारलं, "मग आता ते मांजरीला जातील?"

"कुणाकडे जाणार?" श्रीनिवास म्हणाला. "कुसुमआजी तर नाहीच आता."

पद्मजा माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली. मुलांना मी कधी खोटं सांगत नाही, म्हणून म्हटलं, "नाही जाणार."

तिने मान हलवली आणि पिशवी दुसऱ्या हातात घेतली.