नारळाची वेळ

रेवणप्पांनी सत्काराच्या शालीची घडी पुन्हा मोडली, तेव्हा रुद्राणीने ती त्यांच्या हातातून काढून घेतली.

"अप्पा, सत्कार कशाचा ठेवलाय?"

"कशाचा म्हंजे? ते कुणालाच न दिसणारं काळं द्रव्य तू सूर्यात धरलंस की! निबंध छापून आला म्हणलीस ना फोनवर?"

रुद्राणी मटकन साखरेच्या पोत्यावर बसली. युसूफ वडगाव गावातल्या अप्पांच्या या किराणा दुकानातून ती पुण्याला संशोधनासाठी निघाली, तेव्हा निम्मी भावकी रुसली होती.

"अप्पा, न सापडल्याचाच निबंध आहे तो. त्या द्रव्याचे कण सूर्याच्या पोटात अडकत असतील, तर एकमेकांवर आदळून गॅमा किरण निघायला पाहिजेत. उपग्रहानं टिपलेलं सगळं चाळलं मी. तसलं काहीच दिसलं नाही."

रेवणप्पांचा चेहरा पडला. दुकानातल्या नव्या एसटीडी बूथवर येईल त्याला त्यांनी ही बातमी फुकटात दिली होती. बाहेर मांडवात माईक खरखरू लागला होता. पोरीच्या शिक्षणावरून सगळ्यांत जास्त टोमणे मारणारे माजी सरपंच धोंडीरामनाना पहिल्याच खुर्चीत ऐसपैस बसले होते.

"मी सांगते त्यांना," रुद्राणी उठली.

"तू बस. चूक माझी हाय."

रेवणप्पांनी माईक हातात घेतला. "मंडळी, पोरीला कायबी सापडलं न्हाई. सापडलं म्हणून मीच गावभर केलं."

मांडवात खसखस पिकली. धोंडीरामनाना बसल्या जागेवरून म्हणाले, "मग सत्कार कशाचा, अप्पा?"

रेवणप्पांनी सत्काराच्या ताटातला नारळ उगीच उचलला आणि एकदम त्यांचे डोळे चमकले.

"नाना, तुमी बोर पाडली तवा नारळ कवा फोडलता? पाणी लागल्यावर?"

"येडा हायस का? मशीन लावायच्या आधी!"

"मग ह्यो बी आधीचाच समजा." त्यांनी नारळ दुकानाच्या पायरीवर आपटला. पाणी दारात येऊन उभ्या राहिलेल्या रुद्राणीच्या साडीवर उडालं आणि ती खळखळून हसली.

खोबरं वाटलं जात असताना धोंडीरामनाना तिच्यापाशी आले.

"आन् बाई, न्हाईच लागलं तर?"

"दुसरा पॉइंट बघायचा, नाना."

नाना खोबरं चावत राहिले. त्यांच्या रानात पाणी चौथ्या बोरला लागलं होतं, आणि आधीच्या तिन्ही वेळी गाव असंच हसलं होतं. त्यांनी हात धोतराला पुसले आणि ताटातली शाल उचलून स्वतःच तिच्या खांद्यावर घातली.