सोपानचा बिल्ला

पातेल्यावरचं झाकण थडथडलं, तेव्हा कुठे ज्योतीरामदादाने मान वर केली. मी एवढंच विचारलं होतं, की कंत्राटदाराचा विम्याचा कागद एकदा बघायला मिळेल का.

दादा माझा मावसभाऊ. बार्शीकडून आम्हाला पिंपरीला त्यानेच आणलं. माळावर नवा कारखाना उठत होता, त्या बांधकामावर तो मुकादम. दोन महिन्यांपूर्वी तिथला स्लॅब खाली आला. टेकू वेळेआधी काढायला लावले, असं सगळे मजूर म्हणत, पण आवाज खाली करून. त्याच्याबरोबर हेही पडले, आणि ह्यांचा डावा पाय गुडघ्यापासून काढावा लागला.

शेजारच्या छबूबाईंनी मला चिंचवडच्या एका वकिलांकडे नेलं होतं. ते म्हणाले, दावा लावू, पण आधी विम्याचा कागद बघून या. विमा कंपनीने कोणकोणते मजूर धरलेत ते कळल्याशिवाय दावा लावला, तर कंत्राटदार कंपनीकडे बोट दाखवेल आणि कंपनी कंत्राटदाराकडे.

दादाने चहा फुंकून फुंकून प्यायला. कागद शेठच्या तिजोरीत असतो, म्हणाला, आणि कोर्टाच्या नादी लागलेल्यांची घरं मी पाहिलीत. ह्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मला वाटलं, पाय ठणकत असेल.

त्यानंतर दादाचं येणं वाढलं. कधी ज्वारी, कधी आमच्या रंभीला परकर, एकदा तर भाऊबीज नसताना मला लुगडं. छबूबाई पिंपरीच्या जुन्या गावच्या, तोंडावर बोलणाऱ्या. म्हणाल्या, "लय ग्वाड बोलतुया तुझा भाव. मला न्हाई बरं वाटत." मी त्यांच्यावर रागावले. पण त्या दिवसापासून दादा आला की मी त्याचे डोळे बघायला लागले. तो पायाचं विचारायचा नाही. वकिलांनी काय काय लिहून घेतलं, तेवढंच फिरून फिरून विचारायचा. काहीच लिहून घेतलं नाही म्हटलं, की सैल होऊन बसायचा.

मग एके दिवशी तो आपण होऊन म्हणाला, चल, कागद दाखवतो. फक्त तू गप्प राहायचं, बोलायचं ते मी बोलेन. आजवर नाही म्हणणारा माणूस इतक्या सहज हो म्हणाला, याचीच मला जास्त भीती वाटली. ह्यांना विचारलं, तर माझ्याकडे न बघता म्हणाले, दादा म्हणतो तसं कर.

रंभीची वेणी घातली, तिला बरोबर घेतलं. पाच वर्षांची पोर, बापाच्या पायाशी एकटी बसवून जायला मन होईना.

साईटवरची कचेरी म्हणजे पत्र्याची खोली. बबनराव कारकुनांनी कागद काढला, पण हात त्यावरच ठेवला. ज्याचं नाव यादीत आहे त्याच्या घरच्यालाच दाखवायचा, असा शेठचा हुकूम होता. त्यांनी मला विचारलं, "मालकांचं नाव?"

मी खाली बघितलं. नवऱ्याचं नाव मी लग्नात एकदा उखाण्यात घेतलं, त्यानंतर कधी नाही. दादाला ते ठाऊक होतं. तो लगेच म्हणाला, "सोपान लिंबाजी मुळे."

कारकुनांचं बोट यादीवरून उतरत गेलं आणि थांबलं. "आहे," म्हणाले.

सोपान दादाच्या सख्ख्या बहिणीचा नवरा. गेल्या वर्षी तो काम सोडून गावी गेला, आणि त्याचा हजेरीचा पितळी बिल्ला दादाने ह्यांना दिला. नव्या बिल्ल्यासाठी थांबावं लागायचं, म्हणून गेलेल्याच्या बिल्ल्यावर आलेला कामाला लागायचा. हजेरी त्या नावाने, पगार त्या नावाने. त्यात कुणाला वावगं वाटायचं नाही, मलाही नाही. मीच तो राखेने घासून लख्ख करून द्यायचे. पण आता ह्यांचा पायसुद्धा सोपानच्या नावावर लागला होता. दावा जिंकला तरी भरपाई सोपानच्या दारात जाणार होती.

कारकुनांनी कागद माझ्याकडे फिरवला, दौत सरकवली. "बघितल्याची सही करा. सोपानची बायको म्हणून."

दादाने टाक माझ्या हातात दिला. त्याची बोटं गार होती.

"दौलत," मी म्हटलं. "दौलत तुकाराम गरड. माझ्या मालकांचं नाव दौलत आहे."

रंभी माझा पदर धरून वर बघत राहिली. माझ्या तोंडून ते नाव तिने कधी ऐकलंच नव्हतं.

कारकुनांनी यादी वरून खाली पाहिली, खालून वर पाहिली. मग कागदाची घडी घातली. "या नावाचा माणूस आमच्याकडे कधीच नव्हता, बाई." आणि दादाकडे वळून त्यांनी विचारलं, मुकादम, मग ही कोण?

दादा हसला. गावाकडची आहे, घाबरली, म्हणाला. बहीण आहे, असं काही म्हणाला नाही.

बाहेर आल्यावर त्याने मला विटांच्या ढिगाआड थांबवलं. "पैसे मी तुलाच आणून दिले असते, सुमे. आईची शपथ." डोळ्यांत पाणी होतं. खरं असेलही. लहानपणी मावशीने मारलं की तो असाच दिसायचा.

"मग मला आधी का नाही सांगितलंस?"

त्याने टोपी सारखी केली, वर चाललेल्या गिलाव्याकडे बघितलं, आणि परत कचेरीत गेला. दार लावून घेतलं.

वकिलांना काय सांगायचं, ह्यांना काय विचारायचं, याचा विचार करत मी सिंधी निर्वासितांच्या छावणीवरून घराकडे निघाले. रंभी एरवी वाटेत दहा ठिकाणी थांबते. आज माझं बोट धरून सरळ चालत होती. धुळीने तिचे पाय पांढरे झाले होते. खाली बसून पदराने पुसले. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"आई, बाबा तिथं कधीच नव्हते, तर मग पडलं कोण?"