भोंगेवाल्यांच्या घरची शिट्टी

गच्चीवर काठी, काठीवर अँटेना. आभाळाचे केस विंचरायला कुणी कंगवा खोचून ठेवावा तशी. तिच्याखाली स्टुलावर उभे राहून भोंगेवाले विचारत होते, "आलं का गं?"

"आलं आणि गेलं!" सून खालून ओरडली.

सभा असो, शर्यत असो, लाउडस्पीकर लावायचा तो त्यांनीच, म्हणून ते भोंगेवाले. घरात साधं पाणी मागितलं तरी गल्लीला तहान लागायची. आज मात्र जीव टांगणीला लागला होता. त्यांची लेक फुटबॉलची पंच. दूरच्या शहरात पहिल्यांदाच मोठ्या सामन्याला उभी राहणार होती, आणि सामना थेट दाखवणारी वाहिनी एकच, अँटेनावर फुकट येणारी. बायकोचा पाय प्लास्टरमध्ये, त्यामुळे जाणं जमलं नव्हतं. शेजारच्या शिंप्याला त्यांनी छाती ठोकून सांगितलं होतं, "ये बघायला. आरशासारखं चित्र दाखवतो!" शिंपी केव्हाचा येऊन बसला होता.

सून चष्म्याच्या दुकानात काचा बसवायची. घरातली मांडणी सगळी तिची. जिन्याखाली जुना कॉम्प्युटर, त्याला ट्यूनरची डबी. अँटेनाची वायर डबीत यायची आणि तिथून चित्र वायफायवरून बाहेरच्या टीव्हीवर आणि आतल्या खोलीत सासूबाईंच्या टॅबवर जायचं. "एका विहिरीचं पाणी सुनेनं घरभर खेळवलंय," सासूबाई कौतुकानं म्हणायच्या.

आज त्या पाण्यात नुसते खडे. चित्राचे चौकोन व्हायचे, चौकोन थिजायचे.

सून मोबाइल घेऊन गच्चीवर आली. "बाबा, या दोन पट्ट्या बघा. वरची सिग्नलच्या ताकदीची, काठोकाठ भरलीय. खालची दर्जाची, ती तडफडतेय. ताकद कमी नाही, जास्त झालीय. बूस्टर काढा."

काठीला बांधलेला बूस्टर भोंगेवाल्यांनी स्वतःच्या हातानं जुळवलेला होता. "बूस्टर काढा? उद्या म्हणशील छप्पर काढा, ऊन छान येईल! इतकी वर्षं यानंच चित्र ओढून आणलंय."

"आणलंय ना. तेव्हा वायरचा जोड गंजलेला होता, निम्मा जीव वाटेतच जायचा. कालच मी वायर बदलली. आणि टॉवर तर तो काय, समोरच्या टेकडीवर."

"म्हणजे बिघडवलंस तूच!"

"हो, मीच," ती हसली. "चांगली वायर घातली, एवढा माझा गुन्हा. शिंपीकाकांचा जाड चष्मा लावून पेपर वाचायला बसला होतात, आठवतंय?"

"डोकं भणाणलं होतं."

"त्या डबीचं आत्ता तेच झालंय."

तेवढ्यात आतल्या खोलीतून बायकोचा आवाज जिन्यानं वर आला. "अहो, आली! मैदानात आली! ...गेली. कपाळ दिसलं आणि एक कान! मला माझी लेक अशी तुकड्यातुकड्यांनी नकोय हो!"

भोंगेवाले बूस्टरकडे बघत राहिले. जन्मभर एकच औषध दिलेलं: ऐकू येत नाही, वाढव, पोचत नाही, वाढव. सून हात पुढे करणार, तोच ते म्हणाले, "थांब. मी लावलाय, मीच काढतो."

स्क्रू निघाले. काडेपेटीएवढी ती पेटी त्यांनी सदऱ्याच्या खिशात टाकली. सुनेनं वायर सरळ वायरला जोडली.

"आलं का गं?" त्यांनी विचारलं, इतक्या हळू, की शेजारी उभ्या सुनेलाच ऐकू गेलं.

खालून उत्तर आलं नाही. आली ती शिट्टी. बारीक, धारदार, सुईत दोरा जावा तशी सरळ. आणि क्षणभरानं आतल्या खोलीतून पुन्हा तीच शिट्टी, कारण टॅब टीव्हीच्या एक पाऊल मागून चालायचा.

भोंगेवाले जिना उतरले ते धावतच. पडद्यावर लेक उभी. समोर तिच्याहून हातभर उंच खेळाडू तावातावानं बोलतोय आणि ही नुसती बोट दाखवतेय: मागे हो. तो झाला मागे! गवताची पात न् पात दिसत होती, कपाळावरचा घाम दिसत होता, भुवईजवळचा लहानपणीचा व्रणसुद्धा.

"काय रुबाब पोरीचा!" शिंपी म्हणाला. "आणि चित्र बघ! भोंग्या, मानलं तुझ्या बूस्टरला."

भोंगेवाल्यांचा हात खिशावर गेला. गप्प बसलं असतं तरी चाललं असतं. सून दारातच उभी होती, आणि ती काही बोलणारी नव्हती.

त्यांनी पेटी काढून शिंप्याच्या मांडीवर ठेवली. "हा घे बूस्टर. हा काढला तेव्हा चित्र आलं. कुणी काढायला लावला? माझ्या सुनेनं! ती वायर कुणाची? माझ्या सुनेची! ही सगळी मांडणी कुणाची?"

प्रश्न शिंप्याला होता, पण पलीकडच्या गल्लीतल्या खिडक्या उघडल्या.

"अहो, हळू!" आतून बायको ओरडली. "पोरीची शिट्टी ऐकू द्या की!"

भोंगेवाल्यांनी तोंडावर हात ठेवला. सुनेला खुणेनं जवळ बोलावून स्वतःच्या खुर्चीत बसवलं आणि आपण तिच्यामागे उभे राहिले.

घरात शिट्टी वाजली. मग पुन्हा एकदा वाजली.