उडायच्या आधी थांबलो तेव्हा

मी एक प्रवासी विमान बोलतोय. पनवेलच्या नव्या विमानतळावर उभा आहे. डावं इंजिन बदलून झालंय, चाकंही नवी आहेत आणि प्रवासी अजून यायचेत. तोवर माझी हकिकत सांगून टाकतो.

माझा जन्म दूरदेशीच्या कारखान्यात झाला. पंख एका गावाहून आले, शेपूट दुसऱ्या गावाहून, आणि एका मोठ्या छपराखाली मला जोडलं. पहिल्या मालकाने रंग दिला, दुसऱ्याने तो खरवडून आपला चढवला. मग जगभर साथ पसरली, माणसं घरात बसली आणि मला एका कडेला नेऊन ठेवलं. इंजिनांच्या तोंडावर झाकणं आली. चाकं एकाच जागी दबून चपटी होऊ नयेत म्हणून अधूनमधून कुणीतरी मला थोडं ढकलायचं. तेवढाच माझा प्रवास. चाकांवरच्या पोकळीत पाखरांनी काड्यासुद्धा आणल्या. उडणाऱ्याला नुसतं उभं राहणं फार जड जातं.

पुन्हा कामाला लागलो ते इथे. इथून उठलो की खाली खाडी दिसते, कांदळवन दिसतं, कामोठ्याच्या दाटीवाटीच्या इमारती दिसतात. माणसांचीही मला मोठी गंमत वाटते. चढताना कितीतरी जण माझ्या दाराला हात लावून तो कपाळाला नेतात. उतरताना मात्र चाकं थांबायच्या आधीच बॅगा काढायला उभे.

ज्या दिवशी माझं डावं इंजिन गेलं, त्या सकाळी मी नागपूरला निघालो होतो. पुढे कॅप्टन दीपेश होते, केस पिकलेले, कमी बोलणारे. त्यांच्या शेजारी सहवैमानिक जास्मीन, पनवेलचीच मुलगी, नोकरीत नवी. तिचे वडील नियाज बरीच वर्षं आखातात कामाला होते, आता घरी परतलेत. बाप विमानाने येतो आणि विमानानेच जातो, हे बघत ती मोठी झाली आणि शेवटी तिने विमानच हातात घेतलं.

मागे पंखाजवळच्या रांगेत कमळाबाई बसल्या होत्या. मुलीला, अंकिताला, नागपुरात मुलगा झाला होता. पायाशी डिंकाच्या लाडवांची पिशवी. हवाईसुंदरी कोमल पट्टा बांधायला वाकली, तेव्हा त्या म्हणाल्या, “पोरी, जिथं तुमचं इमान पळतं ना, तिथं आमचं मिठागर व्हतं. आमी अनवाणी चालायचो. आज बसून चाललेय.”

मी धावायला लागलो. आमच्या धावण्यात एक वेग ठरलेला असतो. त्याच्या आत असाल तर थांबता येतं. तो ओलांडला की मग बिघाड असो नसो, उडायचंच, कारण पुढे थांबायला धावपट्टी पुरत नाही.

त्या वेगाच्या थोडं अलीकडे माझ्या डाव्या इंजिनातलं एक पातं तुटलं. मोठा धडाका झाला, मी डावीकडे ओढला गेलो. जास्मीनची नजर काट्यांवर होती. तिने आवाज चढवला नाही. “डावं इंजिन गेलं,” एवढंच म्हणाली.

दीपेशनी विचारलं नाही, वळून पाहिलं नाही. “थांबतोय,” म्हणत त्यांनी वेगाचा दांडा मागे ओढला आणि पायाने मला सरळ ठेवलं. पंखांवरचे पत्रे उभे राहिले, ब्रेक कचकचून लागले. माझा एवढा मोठा देह स्वतःशीच भांडत होता. पट्टी संपायच्या आधी मी थांबलो.

खरी परीक्षा पुढेच होती. तापलेल्या ब्रेकमधून धूर निघायला लागला. आग होती की नुसता धूर, हे पुढच्या दोघांना अजून कळायचं होतं. जास्मीनने माइक घेतला. “सगळ्यांनी बसून राहा. दारं उघडू नका.”

पण उजव्या पंखावरच्या दाराशी बसलेला हरेश नावाचा प्रवासी ताडकन उठला. त्याला फक्त धूर दिसत होता. उजवं इंजिन अजून फिरतंय, बाहेर पाऊल टाकलं तर काय होईल, हे त्याच्या मनातही आलं नाही. त्याचा हात दाराच्या कडीवर गेला. कोमल लांबून ओरडत होती. तेवढ्यात मागच्या रांगेतून कमळाबाईंनी वाकून त्याचं मनगट धरलं.

“बस रं बाला. ती पोरगी बस म्हनते ना?”

“मावशी, धूर बघा, जळून मरू आपण!”

“मला पन भ्या वाटतंय. माझा हात धर नि बस.”

तो बसला. कमळाबाईंनी त्याचा हात सोडला नाही.

उजवं इंजिन बंद झालं. अग्निशमनाच्या गाड्या आल्या, जवानांनी फिरून पाहिलं. आग नव्हती. तापलेले टायर फुटू नयेत म्हणून त्यांच्यात वितळणारी बुचं असतात. ती वितळली, हवा सुटली आणि मी हळूच खाली बसलो. मग शिडी लागली, माणसं एकेक करून उतरली. कमळाबाईंनी जाताना माझ्या पोटावर थाप मारली. “थांबलास ते बरं केलंस रं.”

सगळे उतरले तरी जास्मीन आपल्या जागेवरच बसून होती. दीपेश म्हणाले, “तू वेळेवर आणि स्वच्छ सांगितलंस. मला फक्त दांडा मागे घ्यायचा होता.” तिने घरी फोन लावला. नियाजनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “अल्लाहचा शुक्र. आधी घरी जेवायला ये, बेटा. मग परत उडायला जा.”

संध्याकाळी प्रवाशांसाठी दुसरं विमान आलं. बरेच जण माघारी गेले. कमळाबाई गेल्या नाहीत. “नातू बघायचा हाय,” म्हणाल्या आणि चढल्या. लाडवांची पिशवी हरेशने उचलली होती.

आता तुमच्याजवळ एकच मागणं. कधी मी उशीर केला, अर्ध्यातून मागे फिरलो, तर दात-ओठ खाऊ नका. पुढे बसलेल्या कुणीतरी तुम्हाला जपलेलं असतं. आणि बसा म्हटलं की बसा. भीती वाटली तर शेजारच्याचा हात धरा.

खाली जास्मीन आली आहे. टॉर्च घेऊन माझ्या नव्या इंजिनात डोकावते आहे, एकेक पातं निरखते आहे. तिला घाई नाही. मलाही नाही. तिचं बघून झालं की आम्ही निघू.