सतरा बटणं

मंगळवारी सकाळी आठ चाळीसला इंगुनने टॅबची कळ दाबली आणि स्क्रीन वाचून दाखवणारा कानातला आवाज म्हणाला, "वर्णन नंतर, बटण." पुन्हा दाबली. "वर्णन नंतर, बटण." तिने एंटर दाबून पाहिलं. वीस मिनिटं खपून भरलेला अर्ज पुसला गेला.

इंगुन ओसेन जन्मापासून अंध. ट्रॉन्डहाइममधल्या त्या कंपनीत ती सात वर्षं तपासनीस होती. नगरपालिकेची कुठलीही ऑनलाइन सेवा तिच्या सहीशिवाय बाहेर पडत नसे. आजची सेवा अपंगांच्या टॅक्सी-सवलतीची. दुपारी तीनला सही, बुधवारी सकाळी आठला सुरू. कागदी अर्ज आठवड्यापूर्वीच बंद झाले होते. इंगुनची स्वतःची सवलत शुक्रवारी संपत होती आणि तिलाही याच पानावरून अर्ज करायचा होता.

"ऑडवार, शेवटच्या पानावरची सगळी बटणं एकाच नावाची आहेत. पाठवायचं कुठलं आणि पुसायचं कुठलं, मला कसं कळणार?"

"दहा मिनिटं दे," ही सेवा बनवणारा ऑडवार म्हणाला.

साडेनऊला आवाज म्हणाला, "अर्ज पाठवा, बटण."

"मॉडेलमध्ये केलंस ना?"

"अगं, बोलतंय ना नीट? मग झालं तर."

या कंपनीत स्क्रीन कुणी हाताने लिहीत नाही. सेवेत काय काय असेल ते मॉडेलमध्ये, म्हणजे मूळ आराखड्यात, मांडायचं. रोज साडेअकराला, माणसं डबे उघडून बसली की, यंत्र त्यावरून सगळ्या स्क्रीन नव्याने काढतं. हाताने केलेली डागडुजी त्यात पुसली जाते. तयार स्क्रीनला हात लावू नये, असा कागद भिंतीवर आहे. तो ऑडवारनेच चिकटवलेला.

बारा वाजून पाच मिनिटांनी इंगुनने पुन्हा टॅब दाबली. "वर्णन नंतर, बटण."

"तुझी दुरुस्ती जेवायला गेली ती परत आलीच नाही," ती म्हणाली. "आता खरं सांग. हे शब्द आले कुठून?"

ऑडवारने पाव खाली ठेवला. "माझेच आहेत. शुक्रवारी ते पान शेवटी आलं. बटणाचं वर्णन कोरं असलं की यंत्र स्क्रीन काढतच नाही. सतरा बटणं होती, आणि तिकडे कॅन्टीनमध्ये शुक्रवारचे वॉफल्स गार होत होते. मग सगळीकडे 'वर्णन नंतर' एवढंच टाकलं."

वर्णन कोरं ठेवू द्यायचं नाही, हा नियम इंगुननेच भांडून करून घेतला होता. जागा भरलेली आहे एवढंच यंत्र बघतं. काय भरलंय ते बघत नाही. शुक्रवारी हिरवी खूण आली आणि ऑडवार वॉफल खायला गेला.

त्याने सतरा नावं आता मॉडेलमध्ये घातली. पण त्याच यंत्रावर आणखी अकरा सेवा चालू होत्या. ठरल्या वेळेआधी ते चालवायला नगरपालिकेची परवानगी लागायची.

अडीचला विभागप्रमुख सोल्फ्रिड सहीचा फॉर्म उघडून इंगुनशेजारी बसली. "सही करून टाक. उद्या साडेअकराला आपोआप नीट होईल."

"आठला सुरू होणार. मधले साडेतीन तास?"

"किती जण भरतील गं तेवढ्यात?"

"आठ वाजताच भरायला बसतील. ज्यांची मुदत संपत आलीय, ते सगळे."

"आज सही नाही झाली तर पुढची तारीख सोमवार. मग तुझंच काय?" सोल्फ्रिड हळू आवाजात म्हणाली. "शुक्रवारनंतर कामावर कशी येणार आहेस?"

"बसने. दोनदा बदलून," इंगुन म्हणाली. "पडले तर ऑडवारला बोलवीन उचलायला."

"येईन ना," ऑडवार म्हणाला. कुणी हसलं नाही.

तीनला सही झाली नाही. तीन वाजून दहा मिनिटांनी सोल्फ्रिडने नगरपालिकेला फोन करून सकाळी सातलाच यंत्र चालवून आठच्या आत सही करू देण्याची परवानगी मागितली. विचारून कळवतो, असं उत्तर मिळालं. साडेतीनला तिथलं कार्यालय बंद झालं.

चारला इंगुनने टॅक्सी बोलावली. निघण्यापूर्वी तिने शेवटचं पान पुन्हा उघडून पाहिलं. सतराही बटणं अजून तेच म्हणत होती. सहीचा फॉर्म कोरा होता आणि नगरपालिकेचा फोन आलेला नव्हता.