सखूआत्याची हाक

उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये खाली जीन्स शिवायच्या मशिनी आणि वर महेंद्रचा स्टुडिओ. शुक्रवारी कारखाने बंद असायचे, म्हणून विनिता आवाजाचं रेकॉर्डिंग शुक्रवारीच उरकून घ्यायची. काम होतं एका मोठ्या ऐतिहासिक गेमचं. त्याचे भाग जगभर खपायचे आणि प्रत्येक भागावर कितीतरी देशांतले लहान लहान स्टुडिओ राबायचे. महेंद्रच्या वाट्याला आलं होतं एक जुनं कोकणी बंदर, तेही फक्त कानापुरतं. तिथल्या गर्दीचा गलका, कोळणींची भांडणं, मिठागरावरच्या हाका.

हाकांसाठी विनितानं आपल्या जांभूळ गावाहून सखूआत्याला आणलं. आत्याची उमर खाडीकाठी मिठागरावर गेली होती. नवरा नाहीसा झाला तशी ती भावाकडे, म्हणजे विनिताच्या बाबांकडे येऊन राहिली. आवाज मात्र तसाच खणखणीत. "होडी लागली गोऽऽ" अशी तिनं हाळी दिली आणि महेंद्रनं कानांवरचा हेडफोन उचलून धरला.

मार्गशीर्षात आत्या गेली. झोपेतच. कपाळाला कुंकू होतं. नवरा मेला हे तिनं कधी कबूल केलं नव्हतं, आणि घरातल्या कुणी तिला करायलाही लावलं नव्हतं.

पंधरवड्यानं मुख्य स्टुडिओकडून तक्रार आली. बंदरावर सूर्य कलला की एक बाई कुणाचं तरी नाव घेऊन हाक मारते. संहितेत हे वाक्य नाही. काढून टाका.

विनितानं गेम लावला. पडद्यावर संध्याकाळ झाली, माणसं पांगली, आणि धक्क्यापलीकडून आवाज आला.

"बबन... ओ बबन..."

आत्याचाच आवाज. तिनं आत्याचं मूळ रेकॉर्डिंग पहिल्यापासून ऐकलं. होडी होती, मीठ होतं, मधेच खोकलाही होता. बबन कुठेच नव्हता.

"कुणीतरी मस्करी करतंय. सगळ्याच हाका उडव ना," महेंद्र म्हणाला.

तिनं उडवल्या. नव्या आवृत्तीत बंदर गप्प होतं. सूर्य कलला आणि हाक आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती बाबांना स्टुडिओत घेऊन आली. मधुकाकांना, सगळं गाव त्यांना तसंच म्हणायचं, गेममधलं काही कळत नव्हतं. ते खुर्चीच्या टोकाला बसून ऐकत राहिले. हाक आली तशी त्यांनी डोळे मिटले.

"सखूच हाय," ते म्हणाले. "पन बबन तिचा नवरा. त्याचं नाव तिनी जन्मात घेतलं नाय."

"मग?"

"तो खाडीत गेला ना, त्या सांजेला आमी सगली बांधावर उभी. जो तो नावानी हाका मारीत व्हता. ही एकटी नुसती 'अवो, अवो' करीत व्हती. बायकोनी नाव कसा घ्यावा? मागून मला बोल्ली, अवो म्हनून हजार बायका हाकारतात, त्याला कसा कललं आसल का मीच बोलवतंय."

गेममधली हाक थांबली. उत्तराची वाट बघताना माणूस थांबतो, तशी. मग पुन्हा हाक.

"हितं बोललेला तिकडं जातं का गो?" बाबांनी विचारलं.

विनितानं माइक त्यांच्यापुढे सरकवला, पण तिचा हात बटणावर अडला. तिन्हीसांजेला माणूस दिसल्याशिवाय कुणाच्या हाकेला ओ द्यायची नाही, हे तिला लहानपणी बाबांनीच शिकवलं होतं. ओ देणाऱ्याला ती हाक ओळखून ठेवते, म्हणायचे.

"बाबा, नको."

"बहीन हाय माजी. दाब."

तिनं बटण दाबलं. बाबा माइककडे वाकले आणि स्वतःच्या नसलेल्या, भरदार, तरुण गड्याच्या आवाजात म्हणाले, "ओऽऽ, आलू गो."

ती ओ तिनं बंदरावर बसवली, हाकेच्या मागोमाग. महेंद्रला सांगितलंही नाही.

पुढच्या आवृत्तीत हाक आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मुख्य स्टुडिओनं तक्रार बंद केली. गेम बाजारात आला, स्टुडिओतल्या तेजलनं सगळ्यांना पेढे वाटले. श्रेयनामावलीत विनिताचं नाव इतकं शेवटी होतं की तिथवर कुणी बघत बसलं नसेल. बंदरावर आता रोज संध्याकाळी एक पुरुष ओ देतो, आणि कुणाला देतो हे खेळणाऱ्यांना कळत नाही.

जांभूळला विनिता हल्ली दिवेलागणीआधी घरी पोचायला बघते. बाबा तेव्हा ओट्यावर बसलेले असतात, मान जराशी खाडीच्या दिशेला कललेली. ती फाटकातून "बाबा" म्हणते. ते ऐकतात, हे तिला त्यांच्या थबकलेल्या बोटांवरून दिसतं. पण ओ देत नाहीत. ती समोर जाऊन उभी राहते, त्यांच्या खांद्यावर हात ठेवते, तेव्हा कुठे ते वर बघतात.

"तूच हायस ना?" ते विचारतात.