कर्त्या पुरुषाची प्रार्थना

पेंटरचा जीव सकाळपासून टांगणीला लागला होता. संध्याकाळी पाळकसाहेब जेवायला येणार होते, आणि त्यांच्याबरोबर चर्चचे सगळ्यांत जुने पंच. हे पंच म्हणजे निवृत्त शिक्षक. माणसाला नजरेनेच मापायची त्यांना खोड होती, म्हणून पाठीमागे सगळे त्यांना फूटपट्टी म्हणत. पंचमंडळात एक जागा रिकामी झाली होती. माणूस निवडण्याआधी त्याचं घर बघायचं, घरात बापाचा शब्द चालतो का, बायकामुलं शिस्तीत आहेत का ते पाहायचं, अशी तिथली पद्धत. पेंटरला पंच व्हायचं होतं. इतकं व्हायचं होतं, की त्यापायी तो चक्क खोटं बोलून बसला होता.

पेंटर हे नाव आता नुसतं सवयीने टिकलं होतं. एकेकाळी अर्ध्या बाजाराच्या पाट्या त्याच्या हातच्या होत्या. मग पाट्या मशीनवर छापून मिळायला लागल्या आणि त्याचे ब्रश डब्यात वाळून काड्या झाले. तेव्हापासून बायको लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर जायची आणि हा घर सांभाळायचा. स्वयंपाक, धुणी, मुलीचा अभ्यास, धाकट्याचं वाहतं नाक, सगळं. आणि खरं सांगायचं तर दोघांनाही ते छान मानवलं होतं. भांडी घासताना तो शीळ घालायचा, पाट्या रंगवताना कधी घातली नसेल अशी.

पण चर्चमध्ये घरच्यांची तरतूद न करणाऱ्या माणसाबद्दलचं वचन वाचलं गेलं की तो मान खाली घालायचा. असा माणूस देवाला न मानणाऱ्यापेक्षाही वाईट, हे ऐकताना त्याला वाटायचं, सगळी बाकं आपल्याकडेच बघताहेत. त्यामुळे रविवारी फूटपट्टींनी "कामधंदा कसा चाललाय?" असं विचारलं, तेव्हा तोंडातून निघून गेलं, "जोरात! हल्ली घरूनच करतो. हिचं आपलं ऑफिसात थोडंफार असतं, हौस म्हणून."

हौस! दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यात उतरून ग्रीस अंगाला फासून घेण्याची हौस कुणाला असते?

त्याने हे बायकोला सांगितलं तेव्हा ती बूट काढत होती. "बरं," एवढंच म्हणाली आणि दुसरा बूट काढायला लागली. ती कडाकडा भांडली असती तर याला गाढ झोप लागली असती. त्या 'बरं'ने मात्र त्याच्या डोळ्याला डोळा लागू दिला नाही.

दुपारी सूप उकळत ठेवून तो नाटकाच्या तयारीला लागला. एप्रन गादीखाली कोंबला. वाळके ब्रश खिडकीत मांडले. घराला कामाचा वास यावा म्हणून टर्पेंटाइनची बाटली उघडून ठेवली, तर तो वास थेट सुपात शिरल्यासारखा वाटू लागला. मग बाटली बंद कर, खिडक्या उघड, सूप चाख, पुन्हा चाख.

"बाबा, तुम्हाला ताप आलाय का?" मुलीने विचारलं.

"गप बस. आणि पाहुण्यांसमोर गरज असेल तरच बोल."

पाहुणे वेळेआधी आले. पाळकसाहेब मोकळे होते, मुलांशी हसले. फूटपट्टी मात्र खिडकीपाशी गेले आणि एक ब्रश बोटाने दाबून पाहिला. पेंटरच्या पाठीवरून घामाची धार उतरली.

सगळे टेबलाशी बसतात न बसतात तोच दार उघडलं. निळा डगला, कोपरापर्यंत काळे हात, खांद्यावर हत्यारांची पिशवी.

"आज केबलने अगदी पिट्टा पाडला," बायको म्हणाली. "नमस्कार. हात धुऊन आलेच."

"ऑफिसात केबल?" फूटपट्टींनी विचारलं.

पेंटर हसला. ते हसू त्याचं त्यालाच ऐकवेना. त्याने घाईघाईने पाहुण्यांना आणि मुलांना सूप वाढलं. बायको येऊन बसताच तो म्हणाला, "प्रार्थना करू या." डोळे मिटले की निदान कुणाकडे बघावं तरी लागत नाही.

पाहुण्यांसमोर भारदस्त वाटावी म्हणून त्याने वडिलांची जुनी प्रार्थना धरली. "हे प्रभू, या घरच्या कर्त्या पुरुषाच्या घामातून तू आम्हाला हे अन्न दिलंस, त्याबद्दल तुझे आभार."

"आमेन," पाळकसाहेब म्हणाले. "आमेन," फूटपट्टी म्हणाले आणि त्यांनी चमचा उचलला.

आणखी कुणी आमेन म्हणालं नाही. या घरात आईच्या मागोमाग मुलं आमेन म्हणत, आणि आई गप्प होती. पेंटरने डोळे उघडले. ती हात जोडून बसली होती. नखांतलं काळं घासूनही निघालं नव्हतं. चेहऱ्यावर राग असता तरी परवडला असता, पण ती नुसती दमलेली दिसत होती.

"आई, म्हण ना गं," धाकटा कळवळून म्हणाला. "मला भूक लागलीये."

"थांब, राजा," ती हळूच म्हणाली. "बाबांची प्रार्थना व्हायची आहे अजून."

फूटपट्टींचा चमचा वाटीवर टेकला. आता पुढच्या एका वाक्यात पंचपद तरी हातचं जाणार होतं, नाहीतर बायको तरी. पेंटरने पुन्हा डोळे मिटले.

"प्रभू," तो म्हणाला, आणि आवाज चिरकला. "घाम हिचा आहे. मी नुसतं शिजवलंय. मला लाज वाटली म्हणून मी या दोघांना खोटं सांगितलं. लाज तिची वाटली नव्हती रे देवा, माझीच वाटली होती. तिला मात्र माझी लाज वाटत नाही, आणि मी तिच्याच कष्टांना हौस म्हणालो. मला क्षमा कर. आणि तिचे हात सांभाळ, तिथे खाली फार अंधार असतो."

"आमेन," बायको म्हणाली. मागोमाग मुलगी, मग धाकटा, सगळ्यांत मोठ्याने.

पेंटरने उठून तिच्या वाटीत सूप वाढलं, वाटी तिच्या हातात दिली, आणि मग त्याच्या लक्षात आलं की पाहुणे आमेन म्हणाले की नाही हे ऐकायचं राहूनच गेलं.